बायकांनी धुतलेली दीपमाळ

प्रिय गौरवी,

तू फोन उचलत नाहीस, मेसेज बघून तसाच ठेवून देतेस, आणि तुझ्या आईकडे निरोप दिला तर काकी हसतात आणि म्हणतात, "माका मदी घालू नकात, तुमचां तुमी बगा." म्हणून हे पत्र. आठवीत शाळा सोडली त्यानंतर मी एवढं लांब कधी लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षर बघून हसू नकोस. हसलीस तरी चालेल म्हणा. आज शुक्रवार, सोहारच्या बंदराला सुट्टी. खोलीतले सगळे खाली बिर्याणी करायला गेलेत, वरपर्यंत कांदा तळल्याचा वास येतोय, आणि मी खिडकीशी खुर्ची ओढून बसलोय. ओमानात असून मला आत्ता कोण बघेल तर म्हणेल हा शाळेत पेपर लिहितोय.

काकी म्हणाल्या, तू पुण्यातच राहणार, मे महिन्यातसुद्धा गावी येणार नाहीस. म्हणे गावात तोंड दाखवायला जागा उरली नाही. त्या दिवशी फोनवर तू जे बोललीस ते सगळ्या वाड्यानं ऐकलं हे खरं. खोटं कशाला सांगू. पण तू फोन कापलास, आणि नंतर तिथे काय झालं ते तुला कोणी सांगितलेलं नाही. काकींना मी विचारलं, तर म्हणाल्या मुद्दामच नाही सांगितलं. तेव्हा ते मी सांगतो, आणि ते वाचून मग ठरव, यायचं की नाही. पण मधूनच सुरुवात केली तर माझंच डोकं फिरेल. पहिल्यापासून सांगतो. त्यातलं काही तुला माहीत असेल, तरी वाच.

मी दिवाळीला आलो तेव्हा दीपमाळ उतरवून झाली होती. मोपा विमानतळावरून रिक्षा देवळाच्या वळणावर आली आणि जिथे जन्मात कधी आकाश दिसलं नव्हतं तिथे आकाश दिसलं. रस्ता रुंद होणार, म्हणून दीपमाळ आत तळीच्या बाजूला सरकवायची, हे मला फोनवर कळलं होतं. पण कळणं वेगळं आणि बघणं वेगळं. जागा सपाट, आणि पलीकडे निळ्या ताडपत्रीखाली चिऱ्यांची रास. कुठल्या तरी घरातलं सामान अंगणात काढून ठेवावं तशी.

तुझ्या बाबांचं ह्यात कौतुक केलं पाहिजे. कमिटीतल्या भिकाजीला तर जुनं काही नकोच होतं. त्यानं म्हापशाला तयार सिमेंटची दीपमाळ बघून ठेवली होती, आतून बल्ब बसवलेली. बटण दाबलं की पौर्णिमा. सगुणकाका म्हणाले, ते आपण ठरवायचं नाही, जिची आहे तिला विचारू. मग सातेरीदेवीला प्रसाद लावून कौल मागितला. दीपमाळ हलवू का, तर फुलाची पाकळी उजवीकडून पडली. नवी बांधू का, तर डावीकडून. म्हणजे तेच चिरे. भिकाजी म्हणाला, "देवीन म्हापशाचो माल अजून बगूक नाय." पण तोही काही ऐकणारा नाही. त्यानं कमिटीत कबूल करून घेतलं की त्रिपुरी पौर्णिमेला दीपमाळ उभी नसेल तर परत प्रसाद लावायचा, आणि तेव्हा सिमेंटचं विचारायचं. काकांना ते फार लागलं. अध्यक्ष आपण, आणि आपल्या हातून दीपमाळ गेली असं व्हायला नको म्हणून ते अर्धे झाले होते. कामाला बांद्याचा सखाराम गवंडी आणला होता. त्याच्या बापानं आणि आजानं चिऱ्याशिवाय दुसरं काही बांधलं नाही.

उतरवताना काकांनी प्रत्येक चिऱ्यावर नंबर घातला होता. थर कुठला, थरातला कितवा, सगळं. वीज खात्यातली नोकरी, त्यांना त्यात गोडी. आणि तसाच एक कागदावर नकाशा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खिशात. सखाराम म्हणाला होता की ऑइलपेंट लावा, पावसातही जाणार नाही. काका म्हणाले, देवीच्या चिऱ्याला पेंट लावायचा नाही. खडूनंच घातले. ताडपत्री असल्यावर पाऊस कुठून येणार?

पाऊस आलाच नाही. आल्या त्या तुझी आई आणि वाड्यावरच्या बायका.

ज्या दिवशी चिरे चढवायला घ्यायचे त्या सकाळी आम्ही सगळे पुरुष धारगळला गेलो. गॅरेजवाल्याकडून चेन पुली आणायची होती. पुली आणायला एवढी माणसं लागत नाहीत, पण तिथे हायवेवर भाजी-पाव चांगला मिळतो हे तुला माहीत आहे. काकांनीसुद्धा दोन पाव जास्त खाल्ले, इतके खुशीत होते. परत येऊन बघतो तर ताडपत्री घडी घालून ठेवलेली. चिरे ओले, लाल, नुकत्या न्हालेल्या पोरांसारखे. एकेकाला हळद-कुंकू. मोठे मोठ्यांत, लहान लहानांत, असे व्यवस्थित रांगेनं मांडलेले. उदबत्ती लावलेली. काकी बालदी धरून उभ्या, पदर खोचलेला, हातात नारळाचं सोडण, आणि मागे बाकीच्या बायका. सगळ्यांच्या चेहऱ्यावर असं, की आता आमचं कौतुक करा.

काकांनी एक चिरा बघितला, दुसरा बघितला. मग वाकून तिसरा.

"सुमंगला, ह्येच्यार लिवलेला होता ता खंय गेला?"

"खडूचा? ता धुवन गेला," काकी म्हणाल्या. "गडी ह्येच्यार बसान विडये ओढी होते. रस्त्याची धूळ. अशे उष्टे चिरे देवीसमोर उबे करतले? न्हावूक घातले."

"अगो, पण नंबर?"

"तुमच्या कागदार आसत मगे?"

गौरवी, तुझे बाबा तळीच्या पायरीवर बसले. कागदावर सगळं होतं आणि चिऱ्यांवर काही नव्हतं. सखाराम म्हणाला, थर कुठला ते मी जाडीवरून काढीन, पण थरात कुठला कोणाशेजारी हे माझ्या बापालाही सांगता यायचं नाही. वरून चुन्याचे इतके लेप होते की जुन्या फोटोत सांधे दिसत नाहीत, नुसती पांढरी दीपमाळ. भिकाजीनं उतरवताना व्हिडिओ काढला होता, तो मोठ्या आशेनं उघडला, तर त्यात जास्त करून भिकाजीच. त्यानं म्हापशाच्या माणसाचा नंबर काढून ठेवला हे मी बघितलं. काकी मात्र तेव्हा पहिल्यांदा घाबरल्या. सोडण हातातून पडलं.

तेवढ्यात यशोदाआजी आल्या. त्यांना धुण्याला यायला उशीर झाला होता, म्हणून कुंकवाची कोयरी घेऊन एकेका चिऱ्याला उरलंसुरलं कुंकू लावत होत्या. काय झालंय ते त्यांना कळलंच नव्हतं. एका चिऱ्याच्या कोनाड्यात त्यांनी हात घातला आणि तिथूनच ओरडल्या, "मेल्यानी, ह्यो माजो. बांगडी अडाकली बग." खरंच अडकली होती. दर वर्षी अडकते म्हणे. त्या कोनाड्याला आत वरच्या अंगाला एक दात आहे, सासूनं त्यांना लग्नाच्या वर्षी सांगितलं होतं की हात तिरका घाल.

सखारामनं हातातली चुना लावायची करणी खाली ठेवली.

आपण हे लहानपणापासून बघतो म्हणून आपल्याला त्यात काही वाटत नाही. दीपमाळेत प्रत्येक घराचा एक कोनाडा, आणि पौर्णिमेला त्या घरच्या बाईनं आपल्या हातानं त्यात पणती ठेवायची. खालचे उभ्यानं, वरचे निसणीवर चढून. सून आली की सासू तिचा हात धरून एकदा दाखवते, आणि मग मरेपर्यंत तो कोनाडा तिचा. गावातल्या गावात लग्न ठरलं तर मुलगी लग्नाआधीच सासरच्या कोनाड्यात पणती लावते, आणि लोकांना त्यावरूनच कळतं. ज्या घरात बाईमाणूस नाही त्यांची पणती पायथ्याशी. आता विचार कर, ज्या बायका वर्षानुवर्षं एकाच भोकात हात घालतात, बाजूला ज्योती पेटलेल्या, नीट दिसत नाही, पोरं कडेवर, त्यांच्या हाताला ते भोक माहीत असणारच. पण हे आम्हा कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, त्या बायकांच्याही नाही.

मग जे सुरू झालं ते बघायला तू हवी होतीस. बायका ओळीनं चिऱ्यांसमोर बसल्या आणि हात घालायला लागल्या. डोळे मिटून. हा नव्हे, हा नव्हे, हा बघू, हा खोल आहे, माझा उथळ. कोणी सापडला की अशी ओरडायची की जणू जत्रेत हरवलेलं पोर सापडलं. नुसता चिरा सापडून भागत नव्हतं, शेजारी कोण तेही हवं होतं. ते तर भांडणांवरूनच निघालं. यशोदाआजी म्हणाल्या, माझ्या उजवीकडे सुमंगला, दर वर्षी हिचं तेल माझ्या पणतीवर गळतं. काकी म्हणाल्या, गळणारच, तुमची वात एवढी मोठी की माझी ज्योत वाकते, मी पणती कडेला सरकवते. दोघींचे चिरे जवळ ठेवले तर तेलाचा ओघळ एकातून दुसऱ्यात बरोबर जुळला. सखाराम म्हणाला, "अजून कोणाचो राग आसात तर सांगा, काम बेगीन होतला." मग काय, सगळ्यांनी सांगितलं. वेगळ्या झालेल्या दोन जावा एकाच कोनाड्यासाठी भांडल्या, आणि दोघी खऱ्या, कारण घर वाटलं तरी कोनाडा वाटला नव्हता. आणि तुझ्या बाबांना परत काम मिळालं. ते चिऱ्यांवर नवे नंबर घालत होते. खडूनंच. पण ह्या वेळी बालदी स्वतःच्या पायाशी ठेवून.

उरले ते बंद घरांचे. मग फोन सुरू झाले. मुंबईला, वास्कोला, एक तर लंडनला. वास्कोची बाई व्हिडिओवर स्वयंपाकघरात उभी राहून पिठाच्या डब्यात हात घालून सांगत होती की एवढा, नाही, ह्याहून वर, आणि आत डाव्या बाजूला खड्डा आहे, त्यात पणती आपोआप बसते. तिचा नवरा मागे चहा पीत होता, त्याला काही कळेना. लंडनवाली रडली. खड्डा सापडला तर आणखी रडली. मी बंदरात क्रेनला हुक लावणारा माणूस, आजवर किती टन उचलले असतील, पण त्या दिवशी एकेक चिरा पुलीला बांधताना भीती वाटत होती. प्रत्येकाला कोणीतरी नावानं ओळखत होतं ना.

शेवटी मोजके चिरे राहिले, आणि त्यांत आमच्या घरचा. माझी आई जाऊन दोन वर्षं होऊन गेली. मी प्रत्येकात हात घालून बघितला. काहीच कळलं नाही. आईनं पणती ठेवताना मी शेजारीच असायचो, पण लक्ष फटाक्यांकडे. जागा ठाऊक होती, तुमच्या कोनाड्याच्या शेजारी, पण चिरा कुठला? कोणी म्हणालं, राहू दे, त्यातला कुठलाही बसवा, साईश कुठे घरी असतो. वाईट बोलायचं म्हणून नव्हे, सहज म्हणाले. मला ते सहजच लागलं. तुला खरं सांगतो, चिरेखाण सोडली, डिचोलीच्या खाणीवरचा ट्रक सोडला, मोरजीचं हॉटेल सोडलं, प्रत्येक वेळी वाटायचं आपण कुठेही गेलो तरी गावात आपलं काहीतरी आहे. आणि तिथे उभा राहून मला माझा एक दगड ओळखता येईना.

तेव्हा काकींनी तुला फोन लावला. हात चुन्यानं भरलेले म्हणून स्पीकरवर, आणि फोन भिकाजीच्या हातात. तू जेवायच्या सुट्टीत होतीस ना? मागे डब्यांचा आवाज येत होता. काकींनी फक्त एवढंच विचारलं, "गे, साईशाचो कोनाडो खयचो?" आणि तू घास गिळत गिळत म्हणालीस, "त्याचा तळ उतरता आहे ना, पणती कलंडते. म्हणून मी आत कौलाचा तुकडा घातलाय." मग तू थांबलीस. मग म्हणालीस, "म्हणजे त्याच्या आईनं." यशोदाआजी लगेच, "तुका कशी गे खबर?" आणि तू फोन कापलास.

तुला माहीत आहे ते एवढंच. आता पुढचं.

सगळ्यांनी हिशेब केला, माझी आई गेल्यावर दोन पौर्णिमा झाल्या, मी दोन्ही वेळा सोहारला. पायथ्याशी आमची पणती असायला हवी होती, आणि ती नव्हती हे कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं, कारण वर कोनाड्यात ती असायची. तुझी आणि काकींची पणती लावताना तू हात जरा लांब केलास की झालं. मी तर इतका मठ्ठ की मला हे सगळ्यांच्या नंतर कळलं. सखारामनं माझ्याकडे बघितलं, भिकाजी फोनकडे बघत होता जसा काही तो फोनच बोलला, आणि मग सगळे हळूहळू तुझ्या बाबांकडे बघायला लागले.

काका उठले. खडू खिशात ठेवला. उरलेल्या चिऱ्यांत एकेक हात घालून बघितला. तिसऱ्यात थांबले. आतला तुकडा त्यांना लागला होता. त्यांनी तो ओढून बघितला. परत ओढला, जोर लावून, तोंड लाल झालं. तेल पिऊन पिऊन तो चिऱ्याला चिकटलाय, निघाला नाही. काकांनी हात बाहेर काढला, धोतराला पुसला आणि सखारामला म्हणाले, "घट बसला हा. आमच्या शेजारी लाव."

सखारामनं पाण्याची पातळी बघायची नळी तुमच्या आणि आमच्या चिऱ्यावर धरली आणि अगदी कामाचं बोलल्यासारखा म्हणाला, "काका, लेव्हल बरोबर हा." तेव्हा यशोदाआजींना जे हसू फुटलं ते थांबेना. मग काकी. मग सगळ्याच बायका, चुन्याच्या हातांनी तोंडं झाकून, सगळ्यांच्या गालांवर पांढरी बोटं उठली. काका सुद्धा हसले गौरवी. तोंड फिरवून हसले, पण खांदे हलत होते. हे तुला सांगायचं होतं. तू फोन कापलास आणि तिथे कोणी तुला नावं ठेवली नाहीत. तो चिरा मीच पुलीला बांधला आणि गाठ इतक्यांदा सोडून परत बांधली की सखाराम म्हणाला, तू बाजूला हो, मी धरतो.

काकींना सगळं ठाऊक होतं हेही आता सांगून टाकतो. दोन्ही वर्षं त्या तुझ्या शेजारी उभ्या होत्या, त्यांना काय दिसत नव्हतं? मी विचारलं, मग फोन कशाला लावलात, तुम्हीच सांगायचं. तर म्हणाल्या, "माजा काय जाता? जिचो हात, तिणां सांगूचा." आणि तुझ्या बाबांना कसं सांगायचं ह्याचा विचार त्या म्हणे दोन वर्षं करत होत्या, तो त्या दिवशी एका फोनमध्ये मिटला.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी कळस चढला. चुन्याचा लेप अजून द्यायचा होता, म्हणून ह्या वर्षी दीपमाळ लालच, सांधे दिसणारी. जुन्या माणसांनी सुद्धा तिला अशी कधी बघितली नव्हती. भिकाजीनं तिच्यासमोर उभं राहून चिक्कार फोटो काढले आणि मला म्हणतो, सिमेंटला हा रंग येत नाही. पौर्णिमेला बायका तिन्हीसांजेलाच आल्या. ज्या दोन जावा भांडल्या होत्या त्यांनी एकाच कोनाड्यात दोन लहान पणत्या लावल्या, एक डावीकडे, एक उजवीकडे. वास्कोची आणि मुंबईच्या दोघी मुद्दाम आल्या होत्या. यशोदाआजींची बांगडी अडकली. निसणीखाली मी उभा होतो, घट्ट धरून, कारण काकी वर होत्या आणि खाली बघून सूचना देत होत्या की तेल असं घाल, वात तशी ठेव. दीपमाळ पेटली ना, तेव्हा नंबर बरोबर की चूक हे विचारायचं कोणाला सुचलंच नाही. ढोल वाजायला लागले, आणि सखाराम बांद्याचा, त्याचा कोनाडा नाही काही नाही, पण सगळ्यांत जास्त तोच नाचला.

ग्रुपवरच्या फोटोत तू बघितलं असशील, सगळी दीपमाळ पेटलेली आणि एकच कोनाडा काळा. तो आमचा. काकी म्हणाल्या तो फोटो बघून तू रडलीस, तुला वाटलं गावानं राग म्हणून ठेवला. तसं नव्हे गं. मीच आमची पणती पायथ्याशी ठेवायला घेऊन आलो होतो. यशोदाआजी म्हणाल्या, सुमंगलाच्या हाताला लागतो, तीच लावेल ह्या वर्षी. काकींनी हात मागे घेतला. "तो माजो न्हय," म्हणाल्या. काका तिथेच होते. त्यांनी कोनाड्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "ऱ्हवांदे. ह्या वर्सा तसोच ऱ्हवांदे." मग मी पणती पायथ्याशी लावली. वाड्यावरच्या प्रत्येकाला ठाऊक आहे की तो काळा कोनाडा कोणासाठी ठेवलाय. तुला एकटीलाच नव्हतं.

आता हे पत्र का, ते. निघालो त्या सकाळी तुझे बाबाच मला स्कूटरवरून मोप्याला सोडायला आले. विमानतळाच्या दारात स्कूटर बंद करून म्हणाले, "आज हंय, फाल्यां थंय. माज्या चेडवाक घेवन तू खंय खंय फिरतलंस?" मी सांगितलं, चैत्रात करार संपतोय, तळीच्या पायऱ्या सुटल्यात त्या परत बसवायच्या आहेत, पुलीवर सखारामला माणूस हवा आहे, आणि त्याच्या हातची कामं बांदा ते पेडणे पुरून उरतील. काका म्हणाले, "सांगूक सगळेच सांगतत. तू एका जाग्यार बसान तिका पत्र लिही. मोबाइलार न्हय, कागदार. आणि पुरां कर. अर्ध्यार उठलंस तर समजान." तर गौरवी, मी सकाळी बसलो, बिर्याणी झाली, सगळे जेवून झोपले, माझं ताट झाकून ठेवलंय, आणि मी अजून बसलोय. आईला तू म्हणालीस म्हणे, शेजार म्हणून लावत होते. तसं असेल तर तसं कळव. मी आमची पणती पायथ्याशी लावत जाईन आणि तुझ्यावर राग धरणार नाही. पण तसं नसेल तर मे महिन्यात गावी ये, आणि पुढच्या पौर्णिमेला आमच्या कोनाड्यात पणती तू लाव. सगळ्यांसमोर, हात लांब न करता, आमच्या घरची म्हणून. माझ्याशी लग्न करशील का, हे विचारायला मला एवढी पानं लागली. उत्तर मला दे, काकींना दे, कसंही दे. आणि बाबांनी विचारलं तर सांग, बसला होता म्हणून.

तुझाच,
साईश